साहस भांडवल : शेतकऱ्याने समजून घ्यावयाचा व्यवहार



हरभऱ्याच्या प्रात्यक्षिक प्लॉटची पाहणी करण्यासाठी मेहकर तालुक्यातील जानेफळ परिसरात जाणे झाले. पाहणी आटोपल्यावर धुऱ्यावर चहा घेताना एका शेतकरी बंधूने वेगळाच प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. दोन मित्र मिळून शेतमालाच्या खरेदी-विक्रीचे मोबाईल ॲप काढावयाचे, असा त्याचा बेत आहे. "सर, पोरगा म्हणते दोन एकर विकू, कंपनी उभी राहिली की मोठे गुंतवणूकदार पैसा टाकतात, मंग दहा एकर घेऊ. विकू काय?"

प्रश्न रोगाचा किंवा खताचा असता तर उत्तर तेथेच देता आले असते. हा विषय कृषिविद्येचा नव्हता, म्हणून वेळ मागून घेतला. त्यानंतर जे वाचले व जाणकारांशी बोलून जे समजले, ते या लेखात मांडले आहे. आज शेतमाल विकत घेणाऱ्या, निविष्ठा पुरविणाऱ्या आणि हवामानाचा सल्ला देणाऱ्या अनेक नव्या कंपन्या याच प्रकारच्या पैशावर चालतात. त्यामुळे ज्याचा मुलगा पुण्याला नाही, त्यानेही हा व्यवहार समजून घेणे आवश्यक आहे.

साहस भांडवल म्हणजे काय?

नव्या, न अजमावलेल्या उद्योगाला मालकीच्या हिश्श्याच्या बदल्यात दिलेला पैसा म्हणजे साहस भांडवल होय. इंग्रजीतील व्हेंचर कॅपिटल हा शब्दही आता आपल्याकडे रुळला आहे. हा प्रकार आपल्या परिचयाच्या व्यवहारांशी ताडून पाहिल्यास लवकर लक्षात येतो.

१) पीककर्ज : बँक पैसे देते. पीक येवो अथवा न येवो, मुद्दल व व्याज फेडावेच लागते. मात्र शेताच्या मालकीत बँकेचा वाटा नसतो.

२) मक्ता : शेत ठरावीक रकमेवर कसावयास दिले जाते. नफा-तोटा कसणाऱ्याचा. मालकाला ठरलेली रक्कम मिळते.

३) बटाई : पिकात वाटा असतो. पीक बुडाले तर दोघांचेही बुडते.

साहस भांडवल हे बटाईच्या जवळचे आहे. उद्योग बुडाला तर गुंतवणूकदाराला पैसे परत मागता येत नाहीत. परंतु एक मोठा फरक आहे. बटाईदाराचा वाटा त्या हंगामाच्या पिकापुरता असतो, तर येथे गुंतवणूकदाराचा वाटा शेतातच पडतो. सातबाऱ्यावर नाव चढावे तसे त्याचे नाव कंपनीच्या भागधारकांत चढते. दुसरा फरक असा की, त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या उत्पन्नात फारसा रस नसतो. आपला हिस्सा काही वर्षांनी अनेकपट किमतीला विकून मोकळे होणे, हा त्याचा उद्देश असतो. कारण त्याच्याजवळचा पैसाही बहुधा दुसऱ्यांचा असतो आणि तो साधारणपणे दहा वर्षांत परत करावयाचा असतो.

ही पद्धत आली कोठून?

अमेरिकेतील बोस्टन येथे १९४६ मध्ये जॉर्जेस डोरिओ यांच्या पुढाकाराने या कामासाठी एक कंपनी स्थापन झाली. तिने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक बनविणाऱ्या नव्या कंपनीत ७० हजार डॉलर गुंतविले आणि पुढील पंधरा वर्षांत त्यांचे कोट्यवधी डॉलर झाले. या एका उदाहरणाने पुढच्या पिढीतील गुंतवणूकदारांना मार्ग दाखविला.

भारतात १९८८ मध्ये सरकारने साहस भांडवलाविषयी मार्गदर्शक नियम काढले. त्याच वर्षी आयसीआयसीआय व युनिट ट्रस्ट यांनी मिळून या कामासाठी टीडीआयसीआय ही संस्था सुरू केली. सेबीने १९९६ मध्ये साहस भांडवल निधींसाठी नियम केले व २०१२ मध्ये त्यांच्या जागी पर्यायी गुंतवणूक निधींचे नियम आणले. जानेवारी २०१६ मध्ये स्टार्टअप इंडिया हा कार्यक्रम सुरू झाल्यापासून हा शब्द गावोगावी पोहोचला.

संगणक व इंटरनेटच्या धंद्यातच हा पैसा जास्त का जातो, हेही पाहू. सोयाबीनचे उत्पादन दुप्पट करावयाचे तर जमीन, बियाणे, मजुरी सर्वच वाढवावे लागते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. एकदा प्रोग्रॅम तयार झाला की तो शंभर जणांनी वापरला काय किंवा एक लाख जणांनी वापरला काय, खर्चात त्या प्रमाणात वाढ होत नाही. म्हणून जो उद्योग चालतो तो फार वेगाने वाढतो. सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली हॉटमेल ही ई-मेल सेवा सुमारे दीड वर्षात, १९९७ च्या अखेरीस, मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. तिला प्रथम मिळालेले साहस भांडवल अवघे ३ लाख डॉलर होते.

गुंतवणूकदाराचा हिशेब

अशी उदाहरणे ऐकून हा व्यवहार फार सोपा वाटतो. प्रत्यक्षात बहुतेक नवे उद्योग अपेक्षेइतके वाढत नाहीत व अनेक बंद पडतात. तरीही गुंतवणूकदार टिकून कसा राहतो, हे समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू.

समजा, एका निधीजवळ १०० कोटी रुपये आहेत. त्याने २० कंपन्यांत प्रत्येकी ५ कोटी गुंतविले. काही वर्षांनंतरची स्थिती पुढीलप्रमाणे आली :

१० कंपन्या पूर्ण बुडाल्या : मिळाले ० रुपये.
६ कंपन्यांतून फक्त मुद्दल सुटले : मिळाले ३० कोटी.
३ कंपन्यांतून तिप्पट झाले : मिळाले ४५ कोटी.
१ कंपनी चाळीसपट झाली : मिळाले २०० कोटी.
एकूण मिळाले २७५ कोटी रुपये.

आता शेवटची एक कंपनी बाजूला ठेवून बेरीज करावी. उरलेल्या १९ कंपन्यांत ९५ कोटी घातले आणि ७५ कोटी मिळाले, म्हणजे २० कोटींचा तोटा झाला. सर्व नफा एकाच कंपनीने दिला. ती कोणती ठरणार, हे पेरणीच्या वेळी कोणालाच माहीत नव्हते.

यातून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली, निधीचा धंदा वीस कंपन्यांमुळे तरतो. आपण एकट्या सोयाबीनवर अवलंबून न राहता त्यात तुरीचे आंतरपीक घेतो, म्हणजे पावसाने ताण दिला तरी काही तरी हाती लागते. निधीही तेच करतो. दुसरी, ज्याचा पैसा एकाच कंपनीत आहे त्याला हा आधार नाही. वरील उदाहरणात एकाच कंपनीत पैसे घालणाऱ्याचे सर्व पैसे बुडण्याची शक्यता निम्मी आहे. दोन एकर विकून मुलाच्या एका कंपनीत पैसे घालणारा बाप हा निधीसारखा वीस ओळींचा पेरा करीत नाही. तो घरातील सर्व बियाणे एकाच ओळीत टाकीत असतो.

मालकाचा हिशेब

कंपनी काढणाऱ्या मुलाच्या बाजूनेही हिशेब पाहिला पाहिजे. हीही उदाहरणादाखल घेतलेली आकडेमोड आहे.

सुरुवातीस दोघा मित्रांची मिळून १०० टक्के मालकी आहे. पहिल्या गुंतवणूकदाराने कंपनीची किंमत ४ कोटी धरून १ कोटी रुपये घातले. कंपनी ५ कोटींची झाली व त्याचा वाटा २० टक्के झाला. मित्रांचा वाटा ८० टक्के उरला.

दुसऱ्या फेरीत कंपनीची किंमत २० कोटी धरून ५ कोटी आले. नव्या गुंतवणूकदाराचा वाटा २० टक्के झाला. मित्रांचा वाटा ६४ व पहिल्या गुंतवणूकदाराचा १६ टक्क्यांवर आला.

तिसऱ्या फेरीत किंमत ७५ कोटी धरून २५ कोटी आले. आता मित्र ४८ टक्के, पहिला गुंतवणूकदार १२, दुसरा १५ व तिसरा २५ टक्के अशी वाटणी झाली.

वर्तमानपत्रात बातमी येते की, १०० कोटींची कंपनी झाली. गावात पेढे वाटले जातात. परंतु ही किंमत शेवटच्या गुंतवणूकदाराने घेतलेल्या हिश्श्यावरून काढलेली असते. तेवढी रोकड कोणाच्याच हाती आलेली नसते. उभ्या पिकाचा अंदाज आणि काट्यावर उतरलेले पोते यांत जो फरक आहे, तोच येथेही आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. करारनाम्यात बहुधा असे कलम असते की, कंपनी विकली गेल्यास गुंतवणूकदारांनी घातलेली रक्कम त्यांना प्रथम द्यावयाची व उरलेल्यात इतरांची वाटणी करावयाची. याला अग्रहक्क म्हणता येईल. वरील उदाहरणात गुंतवणूकदारांनी एकूण १ + ५ + २५ = ३१ कोटी घातले आहेत. दिवस फिरले व कंपनी ३० कोटींना विकावी लागली, तर सर्व ३० कोटी गुंतवणूकदारांकडे जातात. ४८ टक्क्यांचे मालक असूनही दोघा मित्रांना एक रुपयाही मिळत नाही. आणि त्यांच्या वडिलांनी सुरुवातीस साधे शेअर घेऊन पैसे घातले असतील, तर त्यांनाही काही मिळत नाही.

म्हणून मुलाच्या हाती करारनामा आला की टक्क्यांआधी हे कलम वाचावे. वकील व सनदी लेखापाल यांना दाखविल्याशिवाय सही करू नये.

महाराष्ट्रातील काही उदाहरणे

इन्फोसिस ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी मिळून सुरू केली. सुरुवातीचे भांडवल १० हजार रुपये होते व ते नारायण मूर्ती यांच्या पत्नी सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून दिले होते. भारतात साहस भांडवलाची संघटित व्यवस्था त्या वेळी नव्हती. कंपनीने ग्राहकांच्या कामातून पैसा मिळवीत मजल मारली. तिचे शेअर १९९३ मध्ये बाजारात आले तेव्हा ९५ रुपयांच्या दरालाही लोकांनी पुरेशी मागणी केली नव्हती.

पुण्याचीच पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी डॉ. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये सुरू केली. नॉर्वेस्ट व गॅब्रिएल या साहस भांडवल संस्थांनी तिच्यात २००५ मध्ये गुंतवणूक केली आणि २०१० मध्ये तिचे शेअर बाजारात आले. वर्षांकडे लक्ष द्यावे. पेरणीपासून बाजारापर्यंत २० वर्षे लागली व या संस्थांचा पैसा आला तेव्हा कंपनी १५ वर्षे स्वतःच्या पायावर उभी होती. आंब्याच्या कलमालाही एवढा काळ लागत नाही.

शेतीशी थेट संबंध असलेले उदाहरण ॲग्रोस्टारचे आहे. शार्दूल व सीतांशु शेठ या बंधूंची ही पुणे येथील कंपनी शेतकऱ्याच्या मिस्ड कॉलवरून निविष्ठांची मागणी घेण्याच्या पद्धतीमुळे ओळखली जाऊ लागली. डिसेंबर २०२१ मध्ये तिने ७ कोटी डॉलरचे भांडवल उभे केले.

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे सह्याद्री फार्म्स आहे. श्री. विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखाली २०१० मध्ये शेतकऱ्यांची ही उत्पादक कंपनी स्थापन झाली. द्राक्ष निर्यात व टोमॅटो प्रक्रियेत तिने मोठे नाव मिळविले. सप्टेंबर २०२२ मध्ये इनकोफिन, कोरिस, एफएमओ व प्रोपार्को या युरोपीय संस्थांनी तिच्या समूहात ३१० कोटी रुपये गुंतविले. ही गुंतवणूक शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीत झाली नाही. काढणीपश्चात कामे पाहणाऱ्या तिच्या वेगळ्या कंपनीत झाली. यामागील कारण पुढे दिले आहे.

बुडालेली उदाहरणेही पाहावीत

अमेरिकेत १९९९-२००० च्या सुमारास इंटरनेटच्या कंपन्यांचे शेअर भरमसाट वाढले. मार्च २००० नंतर ते कोसळले. किराणा व भाजीपाला घरपोच देणारी वेबव्हॅन ही कंपनी मोठी गोदामे बांधून बसली होती. प्रत्येक मागणीवर तोटा होत असल्याने ती जुलै २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्या देशात मुलांच्या ऑनलाईन शिकवणीची बायजूस ही कंपनी २०२२ मध्ये २,२०० कोटी डॉलर किमतीची मानली जात होती. जुलै २०२४ मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली.

अशा कंपन्यांत बुडण्याचे कारण बहुधा सारखेच असते. गिऱ्हाईक जमविण्यासाठी गुंतवणूकदाराच्या पैशातून माल स्वस्त विकला जातो किंवा चढ्या भावाने घेतला जातो. समजा, कंपनीजवळ १२ कोटी रोकड आहे व दरमहा १ कोटी तोटा होत आहे. तर तिच्याजवळ बारा महिने आहेत. त्या मुदतीत नवा गुंतवणूकदार मिळाला नाही तर तेराव्या महिन्यात पगार व देणी थकतात. देणेकऱ्यांच्या यादीत शेवटी शेतकरीही असतो.

आपण काय करावे?

अ) अशा कंपनीला माल विकताना

नव्या कंपन्यांमुळे स्पर्धा वाढते व शेतकऱ्याला एक जादा गिऱ्हाईक मिळते, हा फायदा खराच आहे. तो अवश्य घ्यावा. परंतु पुढील काळजी घ्यावी.

१) सोयाबीन, तूर, हरभरा थेट खरेदी करणाऱ्याकडे पणन विभागाचा थेट पणन परवाना आहे काय, ते पाहावे. परवान्याचा क्रमांक लिहून घ्यावा.

२) वजन, ओलावा व भाव यांची लेखी पावती जागेवरच घ्यावी. मोबाईलवरील संदेश जपून ठेवावा.

३) रोख किंवा त्याच दिवशी खात्यात पैसे जमा होत असतील तरच पूर्ण माल द्यावा. उधारीचा हिशेब पुढीलप्रमाणे करून पाहावा. समजा, बाजारात भाव क्विंटलला ४,५०० रुपये आहे व कंपनी १०० रुपये जास्त देते, पण पैसे तीन आठवड्यांनी देते. ४० क्विंटलवर आपला जादा फायदा ४,००० रुपये. त्यासाठी आपण १,८०,००० रुपयांचा माल उधार दिला. चार हजारांसाठी पावणेदोन लाखांवर रक्कम धोक्यात घालावी काय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. पहिल्या वेळी चार-पाच क्विंटल देऊन पैसे येईपर्यंत थांबावे.

४) निविष्ठा मागविल्यास पक्के बिल, पिशवी, लेबल व थोडे बियाणे राखून ठेवावे. दुकान असो वा ॲप, तक्रारीसाठी पुरावा तोच लागतो.

५) सातबारा, आधार, बँक पासबुक यांच्या प्रती कारण समजल्याशिवाय देऊ नयेत. मोबाईलवर येणारा ओटीपी कोणालाही सांगू नये.

६) जुने गिऱ्हाईक तोडू नये. अडत्याशी व बाजार समितीशी व्यवहार थोडा तरी चालू ठेवावा.

आ) शेतकरी उत्पादक कंपनीत

आपल्या भागातही अनेक उत्पादक कंपन्या स्थापन झाल्या आहेत. २००२ च्या कायदा दुरुस्तीने आलेल्या या कंपनीचा सभासद फक्त उत्पादकच होऊ शकतो. तिचे शेअर बाजारात विकता येत नाहीत आणि व्यक्तिगत सभासदाला शेअर कितीही असले तरी मत एकच असते. त्यामुळे साहस भांडवलदार तिचा मालक होऊ शकत नाही. हे कुंपण शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीच आहे. म्हणून बाहेरचे भांडवल हवे असल्यास प्रक्रिया किंवा व्यापारासाठी वेगळी कंपनी काढून तिच्यात ते घ्यावे लागते.

आपल्या संचालक मंडळापुढे असा प्रस्ताव आल्यास सभासदांनी सभेत तीन प्रश्न विचारावेत. नव्या कंपनीत उत्पादक कंपनीचा वाटा निम्म्याहून जास्त राहणार काय? गोदाम, जमीन व यंत्रे कोणाच्या नावे राहणार? गुंतवणूकदार पाच-सात वर्षांनी आपला हिस्सा कोणाला विकणार व तो प्रथम आपणास देण्याचे बंधन आहे काय? या तिन्हींची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय ठराव मंजूर करू नये.

सुरुवातीची गरज भागविण्यासाठी आधी सभासदांचे भागभांडवल वाढवावे. केंद्राच्या २०२० मधील दहा हजार उत्पादक संघटनांच्या योजनेत पात्र कंपनीला प्रति सभासद २,००० रुपयांपर्यंत व जास्तीत जास्त १५ लाख रुपयांपर्यंत समभाग अनुदानाची तरतूद करण्यात आली. अशा अनुदानाने मालकी कमी होत नाही. आपल्या कंपनीला कोणती योजना लागू आहे, ते नाबार्डच्या जिल्हा कार्यालयात व कृषि विभागात विचारावे.

इ) पैसे गुंतविताना

समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून गेला. ज्यांची जमीन त्यात गेली त्यांच्या हाती मोबदल्याची रक्कम आली आणि त्याबरोबर निरनिराळ्या योजना सांगणारेही दारी आले. त्यांच्यासाठी एक कसोटी लक्षात ठेवावी. साहस भांडवलात परताव्याची हमी देता येत नाही. जो दरमहा ठरावीक टक्के देण्याची हमी देतो, तो साहस भांडवलाचा व्यवहार करीतच नाही, मग त्याने स्टार्टअपचे कितीही नाव घेतले तरी. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून गाजलेले कडकनाथ कोंबडीपालनाचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. तेथेही हमीच विकली गेली होती.

दुसरी कसोटी कायद्याची आहे. सेबीकडे नोंदलेल्या पर्यायी गुंतवणूक निधीत एका गुंतवणूकदाराची किमान रक्कम सर्वसाधारणपणे १ कोटी रुपये आहे. तसेच खाजगी कंपनीला सर्वसामान्य जनतेकडून जाहिरात देऊन शेअरचे पैसे गोळा करता येत नाहीत. तेव्हा बाजाराच्या दिवशी मंडप टाकून दहा-वीस हजार रुपये गोळा करणाऱ्याला पैसे देऊ नयेत. फसवणूक झाल्यास लाज न बाळगता ताबडतोब पोलिसांकडे तक्रार करावी. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा यासाठीच आहे.

ई) मुलगा किंवा मुलगी उद्योग काढीत असल्यास

मुलांना हिरमुसले करू नये. गावाची अडचण ज्याने लहानपणापासून पाहिली आहे त्यालाच तिच्यावर उपाय सुचण्याची शक्यता जास्त असते. तथापि पुढील क्रम पाळावा.

१) नोकरी चालू ठेवून प्रथम लहान प्रयोग करावा. नवीन वाण आपण एकदम दहा एकरांवर लावीत नाही, चार ओळी लावून पाहतो. एक गाव, एक पीक, एक हंगाम एवढ्यावर ॲप चालवून पाहावे.

२) पैसे देणारे गिऱ्हाईक मिळते काय, हे पाहावे. फुकट वापरणारे हजार मोजण्यापेक्षा पैसे देणारे वीस मोजावेत.

३) राष्ट्रीय कृषि विकास योजनेत २०१८-१९ पासून कृषि नवउद्योगांसाठी कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत व सुरुवातीच्या टप्प्यावर २५ लाखांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. सध्याच्या अटी कृषि विद्यापीठात किंवा कृषि विज्ञान केंद्रात विचारून घ्याव्यात.

४) घरातून द्यावयाची रक्कम अशी असावी की, ती गेली तरी पुढची पेरणी, आजारपण व लग्नकार्य अडणार नाही. ती रक्कम कर्ज आहे की हिस्सा, हे बापलेकांतही कागदावर लिहावे. भाऊ-बहिणींना त्याची कल्पना द्यावी, म्हणजे पुढे वाटणीच्या वेळी तंटा होत नाही.

५) जमीन गहाण देऊ नये व कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहू नये. कंपनी बुडाली तर भागधारकाचे फक्त घातलेले पैसे जातात, घरादाराला हात लागत नाही. जामिनाची सही केली की हे संरक्षण संपते.

समारोप

काही दिवसांनी जानेफळच्या त्या शेतकरी बंधूंना हा सर्व हिशेब वहीत मांडून दाखविला. मुलगाही त्या दिवशी गावी आला होता. त्याने ३० कोटींचे उदाहरण दोनदा करून पाहिले व बराच वेळ काही बोलला नाही. मग वडीलच म्हणाले, "जमीन राहू दे. यंदाच्या तुरीचे पैसे घे. गेले तर एक साल गेले म्हणू." मुलाने नोकरी न सोडता येत्या हंगामात आपल्याच गावात तुरीच्या खरेदीवर प्रयोग करण्याचे ठरविले. तो यशस्वी होईल काय, हे आज सांगता येणार नाही. परंतु तो फसला तरी त्या घरी पुढच्या मृगाला पेरणी होईल, एवढे निश्चित.

साहस भांडवल वाईट नाही आणि ते जादूही नाही. ज्याला तोटा सोसवतो त्याच्यासाठी ते आहे. हिस्सा, मुदत, अग्रहक्क व जामीन या चार गोष्टी समजून घेऊन व्यवहार केल्यास शेतकरी कुटुंबाला नव्या उद्योगाचा लाभ घेता येईल व घरची जमीनही शाबूत राहील.